विचार करू

वीज गेल्यावर वडगावातले सगळे माग
एका दमात थांबतात,
आणि कानात मात्र ते चालूच राहतात बराच वेळ.
तसं झालं त्या रात्री,
संघाच्या खोलीतनं भरमा तारिहाळकर
चपला हातात घेऊन बाहेर आला तेव्हा.

चपला हातात का, कुणी विचारलं नाही.
आम्ही चौदाजण टपरीवर उभे.
'काय म्हणाले रे?'
'वीस हजार. वर्षाचे. आणि ही बॅग.'
'बॅग?'
'संघाचं नाव हाय की वर.'

मग बाबू बिर्जे जो सुटला!
अरे, पाच वर्षं झाली, शेवटच्या मिनिटाला
हाच जातोय पलीकडं,
तिघांच्या मिठीतनं सरपटत
मध्यरेषेला एक बोट टेकवून येतोय.
त्या बोटाचे वीस हजार धरले
तर आख्ख्या माणसाचे किती, करा हिशेब!
बसलो की करायला, भडंगाच्या पुडीच्या कागदावर.
गुडघ्याचं ऑपरेशन त्यातच धरायचं की वेगळं
यावरनं दोघांची कॉलर धरून झाली.

करार स्टॅम्पपेपरवर, कन्नडात टाइप केलेला.
पोस्टातल्या बसवण्णीनं सावकाश वाचून दाखवला,
आम्ही मराठीत ऐकला.
दोन भाषा फिरून आला तरी
आकडा काही वाढला नाही.

अध्यक्ष म्हणाले, आम्ही घडवला त्याला.
(मैदानावर रोलर आम्ही ओढलेला, पण असू दे.)
म्हणाले, संघ म्हणजे घर,
घरात कोण पगार मागतंय?
भरमा म्हणाला, घराचंच भाडं थकलंय, चार महिन्यांचं.
तेव्हा म्हणाले, विचार करू.

विचार करू.
मॅट घ्यायची, विचार करू.
कोच आणायचा, विचार करू.
गेल्या साली आमचा डावा कोपरा
त्यांचा विचार चालू असतानाच गोव्याला गेला
आणि तिथनं लग्नाची पत्रिका धाडली.

संकेश्वरच्या मिरचीवाल्यानं विचार केला नाही.
जीप धाडली.
सत्तर हजार, एक मोटारसायकल,
भाच्याला गोडाऊनवर काम.
जीप गल्लीतनं वळली तेव्हा
मागं नुसता खाट उडाला मिरचीचा,
डोळे चोळायला बरं निमित्त झालं.

रविवारी आम्ही गेलो भांडायला. सगळे.
बाबूनं टेबलावर मूठ आपटली, पेला सांडला.
खजिनदार कल्लाप्पाकाका काही बोलले नाहीत,
धोतराच्या सोग्यानं पाणी पुसलं
आणि पावतीपुस्तक सरकवलं पुढं.
पान बारा. माझं नाव, माझीच सही,
वर्गणी पाचशे.
जमा: कोरं.
खाली बाबू. खाली बसवण्णी.
चौदाजणांचे मिळून सहा हजार आठशे.

एवढ्यानं सत्तर होतात काय, बाबू म्हणाला.
होत नाहीत. खरंच होत नाहीत.
तरी कुणी कुणाकडं बघितलं नाही
जिना उतरताना.

जानेवारीत खानापूरला सामना.
भरमा लाल बनियनात, समोरच्या बाजूला.
बॅग आमचीच. चेन तुटलेली,
सुतळीनं बांधलेली,
आणि वर आमच्या गावाचं नाव.
त्यानं ती पंचांच्या खुर्चीखाली ठेवली, नीट,
नाव आत करून.

शेवटचं मिनिट. एका गुणाचा फरक.
तो आला आमच्यात, पोरांनी पाय धरले,
कंबर धरली, तोंडावर पाडला.
आणि ते बोट निघालं
मातीतनं, रेषेकडं, एक एक वीत.

मी ओरडलो.
माझ्या शेजारी बाबू ओरडला.
काय ओरडलो ते विचारू नका,
पुढच्या रांगेतनं अध्यक्षांनी मान वळवून
आमच्याकडं बघितलं एवढं आठवतंय.