चाळीस मिलिमीटर

खड्डा कशाला म्हणायचं ते मला विचारा.
चाळीस मिलिमीटर भरला तर खड्डा,
एकोणचाळीस असेल तर तो रस्ताच.
खिशात पोलादी पट्टी,
कमरेला कौन्सिलचा पिवळा रंग,
बावीस वर्षं या डोंगरवाटेवर ओणवा होऊन
मी मोजतो आहे
वेल्सच्या पावसाने काय काय नेलं ते.

एलुनेड प्रोबर्टच्या फाटकासमोरचा
दोन हिवाळे अडतीसवरच अडून बसला होता.
"गेथिन, दोन मिलिमीटरचं काय करू, सांग.
चमच्याने उकरू?"
मी हसलो.
फेब्रुवारीत एकेचाळीस भरला.
कडेच्या गवतात पडलेला चमचा
मी अहवालात घेतला नाही.

वर्तुळ काढलं. वर्तुळ विटलं.
पुन्हा काढलं, तोवर खड्डा
वर्तुळाबाहेर पसरला होता.
पैसे नाहीत, साहेब म्हणाले,
रंग मात्र आहे, लागेल तितका घे.

बसचं तर विचारूच नका.
सत्तेचाळीस नंबर आधी दिवसातून पाचदा,
मग दोनदा, मग मंगळवार-शुक्रवार,
मग थांब्यावर नुसतं वेळापत्रक उरलं,
काचेआड, गोगलगाईंनी खाल्लेलं.
दुपारची सव्वादोनची तेवढी त्यांनी सोडली.
आठवड्यातून तीनदा
इद्रिस प्रोबर्टचं रक्त धुवायला
हॉस्पिटलपर्यंत टॅक्सी.
महिन्याअखेर एलुनेड गॅरेजमधली
हत्यारं विकायची. आधी रंधा. मग करवती.

जानेवारीत कार्डिफहून पत्र आलं होतं.
एकाच पाकिटात दोन कागद,
दोन खात्यांचे, दोन सह्यांचे,
एका भिंतीआड राहून
बोलणं टाकलेल्या भावांसारखे.
रस्त्याचा निधी एकतीस मार्चच्या आत संपवा,
उरेल तो परत करा.
बसचा निधी मार्चच्या पहिल्या सोमवारपासून,
अठरा महिने, पुढचं पुढे.
तारखा कुणी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.
मीही नाही.

सोमवारी सकाळी नऊला
सत्तेचाळीस आली, धुतलेली, रिकामी,
आणि पुलाच्या अलीकडे थबकली.
पुढे रस्ता नव्हता.
पुढे आम्ही होतो.
दिल्विनचा रोलर, वाफाळतं डांबर,
लाल शंकू, आणि पलीकडे
चार वर्षांनी थांब्यावर उभी सात माणसं,
चांगले कोट घालून.

चालक काशिया नवीन होती.
तिने दार उघडलं, खाली उतरली,
शंकूंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
पोलिश भाषेत काहीतरी म्हणाली.
भाषांतराची गरज नव्हती.

दिल्विनने रोलर बंद केला.
कुणी काही ठरवलं नाही.
कडेकडेने फळ्या पडल्या,
मिसेस बेवनची पिशवी एकाच्या खांद्यावर,
तिचा कुत्रा दुसऱ्याच्या काखेत,
आणि मधोमध इद्रिस,
एका बाजूला एलुनेड, एका बाजूला मी.
अर्ध्या वाटेत त्याला धाप लागली.
सगळे थांबले. बससुद्धा.
काशियाने इंजिन बंद केलं,
म्हणजे वेळापत्रक मोडलं, पहिल्याच दिवशी.
शांततेत डांबर तडतडत होतं.
"वास छान येतो," इद्रिस म्हणाला,
आणि पुढचं पाऊल टाकलं.

दोनशे दहा मीटर. नंतर मोजले.
सवय आहे.

एलुनेडचा एक पाय फळीवरून घसरला होता.
तिच्या बुटाची टाच
ताज्या डांबरात उमटून राहिली,
तिच्याच फाटकासमोर,
जुना खड्डा होता त्याच्यापासून हातभर.
दिल्विन म्हणाला, रोलर फिरवतो एकदा, जाईल.
मी पट्टी काढली, ओणवा झालो.

सहा मिलिमीटर.
नियमात बसत नाही, मी म्हटलं,
राहू दे.