कान

धाकटा भाऊ रविवारी आला, उल्सानहून, बसने.
बूट दारात टाचेला टाच लावून ठेवले. ती सवय सैन्यातली.
पिशवीत चार पानं. म्हणाला, शनिवारी सभा आहे,
पुरुषांच्या हक्कांची, मला बोलायचंय.
शब्दांमधल्या जागा तेवढ्या बघून दे,
तुझं कामच आहे ते.

माझं कामच आहे ते. पाठ्यपुस्तकं,
औषधांच्या डब्यातली घडीची पत्रकं.
आमच्या भाषेत शब्द कुठे तोडायचा
हे शिकल्यासवरल्यांनाही नीट जमत नाही,
आणि ग्योंगताक तर शाळेपासून एका दमात लिहितो,
मागे कुणी लागल्यासारखं.

पहिल्या पानावर अठरा महिने.
"आमचे अठरा महिने कोण परत देणार?
तेवढ्यात तुम्ही पुढे निघून गेलात,
आणि वर म्हणता, जग पुरुषांचं."
'तुम्ही'वर माझं पेन अडलं.
तो इंजेच्या डोंगरात फावड्याने बर्फ ओढत होता
तेव्हा मला पगारवाढ मिळाली होती. हे खरंच.
एक जागा वाढवली. पुढे गेले.

दुसऱ्या पानावर नुसते आकडे.
क्रेनखाली कोण मरतं, पुलावरून कोण उडी टाकतं.
आकड्यांनाही मी हात लावला नाही.
मग हे: "स्त्रीवाद म्हणजे
उशिरा येऊन पहिलं ताट मागणं."
इथे मी खोकले.

आई खिडकीशी नाशपती सोलत होती.
तिचं नाव मालसुन. चौथी मुलगी;
आता मुली पुरेत, म्हणून ठेवलेलं नाव,
आणि ते लागूही पडलं, पाठीवर मामा झाला.
मामाच्या फीसाठी सोळाव्या वर्षी
बुसानच्या कारखान्यात बुटांचे तळ चिकटवायला बसली.
गोंदाच्या वासाने अजून तिचं डोकं चढतं.
तिचे महिने कुणी मोजले नाहीत, तिनेही नाहीत.
हे मी बोलणार होते. जिभेवर होतं.
पण आईला साक्षीला उभी करायची,
तर तिला कधी बसू तरी दिलं होतं का
आम्ही दोघांनी?

तिसरं पान. चौथं. जागा, जागा, जागा.
कान कुठेच नव्हता.

डावा कान. पहाटे दोनचा पहारा, उणे एकवीस,
पाळीची कड काळी पडली, मग गळाली.
साहेब म्हणाला, कानच ना.
रजेवर आला तर घरात टोपी काढेना,
जेवतानासुद्धा. वडील ओरडले.
आईने टोपीवरूनच हात फिरवला.

समासात मी लाल शाईने लिहिलं: कान?

त्याचा हात आपसूक केसांपर्यंत गेला.
"कान कसा सांगायचा," म्हणाला. "हसतील."
कोण, बायका?
"नाही. आपलेच."

मग बराच वेळ फक्त सुरीचा आवाज.

मी म्हटलं, ते ताटाचं वाक्य काढ.
त्यालाच तर टाळ्या आहेत, तो म्हणाला.
खोटं आहे ते.
तू जागा बघ.
मग जुनंपानं सगळं निघालं, कुणाला सायकल मिळाली,
भांडी कुणी घासली, वडिलांचा पट्टा कुणाच्या पाठीवर.
पट्टा त्याच्याच. तेही खरंच.

खा, आई म्हणाली.
दोन बशा. त्याच्या बशीत एक फोड जास्त.
त्याने पाहिलं की नाही, ठाऊक नाही.
मी मोजलं. मोजल्याची लाज वाटली,
राग मात्र गेला नाही.

शनिवारी मी गेले नाही.
रात्री फोन आला. बोललो, म्हणाला. टाळ्या पडल्या.
जागा बरोबर होत्या, कुठे अडखळलो नाही.
आणि कान?
"टोपी होती ना डोक्यावर."

शनिवारी थंडी नव्हती.