पांढरा रंग सगळ्यांत महाग

एकतीस वर्षं मी बेस्टचे मीटर वाचले
शिवडीपासून माझगावपर्यंत,
जिन्याखाली वाकून, टॉर्च दातांत धरून.
आता घरचाच एक मीटर उरलाय
आणि त्याचा आकडा मला पटत नाही.

आरोपी ठरलेला होता. शलाकाचा कॉम्प्युटर.
एका अंगाला काच, आत पाच पंखे,
कडेने दिव्यांची पट्टी,
उत्तरपूजा व्हायची राहिलेल्या मखरासारखा
रात्रभर लुकलुकतो.
कुणाच्या तरी कार्टूनमधल्या वाघाचे केस
ती त्यावर एकेक करून हलवते, म्हणे.
मी म्हटलं, बिल कोण भरतं?
ती म्हणाली, बाबा, मोजा ना.

लॅमिंग्टन रोडला गेलो.
प्लगमध्ये बसणारा मीटर, सातशे सांगितले,
साडेसहाशेला आणला.
नवी वही आखली. तारीख, वेळ, वॅट, शेरा.

पंख्याच्या पोटावर बारीक अक्षर.
भिंग लावलं: बारा व्होल्ट, पॉइंट पंधरा अँपिअर.
गुणाकार केला. पुन्हा केला.
पावणेदोनच्या जरा वर.
वॅट!
पाचांचे मिळून नऊ,
आणि तेही लेबलवरचे.
लेबल म्हणजे मध्यस्थाने सांगितलेलं स्थळ,
सगळं वरच्या अंगाने.
लावून, काढून, वजाबाकी करून
हाती आले सहा.

तिसरा पंखा अडखळत होता.
पात्यात तिचाच लांब केस गुंडाळलेला.
सोडवला, बोटाने हलकेच ढकललं.
उभ्या पंख्याला उठायला
फिरत्यापेक्षा जास्त लागतं, शलाका म्हणाली,
क्षणभरच लागतं, पण लागतं.
मला सांगते. मला!

मग दिवे. पट्टीवर साठ.
लाल लावला: सहा वॅट.
हिरवा, निळा, तेवढेच.
पांढरा लावला आणि आकडा अठरावर.
कारण पांढरा असा तिथे कुणी नाहीच,
प्रत्येक ठिपक्यात तिघे मिळून जळतात
तेव्हा आपल्याला पांढरं दिसतं.
काळा लाव, म्हटलं.
पट्टी विझली, तरी पाव वॅट जातच होता,
हुकमाची वाट बघत बसलेल्यांचा.
अंधाराचंही रीडिंग निघतं, हे मला
नोकरीत कुणी शिकवलं नव्हतं.

मग ती नुसती वर बघायला लागली.
मीही बघितलं.
माझ्या खाटेवरचा पंखा, लग्नातला, तीन पाती, बदामी,
पंचाहत्तर वॅट, दिवसरात्र.
एकवर तर असतो, मी म्हटलं.
तुमचा रेग्युलेटर जुना आहे, बाबा,
वाचवलेली वीज त्या डबीतच तापत बसते.
हात लावून बघितला.
तापला होता.

आकडे जुळेनात म्हणून मागची बिलं काढली,
खिळ्याला टोचलेली, उलट्या क्रमाने.
हा पावसाळा, तो उन्हाळा,
आणि मधेच चार महिने
युनिट असे चढलेले की मीच कुणाच्या दारात
मीटर तपासायला गेलो असतो.
हिच्या उशाशी तेव्हा ऑक्सिजनचं मशीन होतं.
तीनशे वॅट, चोवीस तास.
त्या बिलांना मी चष्मा लावला नव्हता.
रांगेत उभा राहिलो, भरली, आलो.

वहीत ते महिने उतरवताना
वॅटचा रकाना मोकळा सोडला.
शेऱ्यात हात आपोआप लिहून गेला,
घरात कुणी सापडलं नाही की
आम्ही लिहायचो ते:
दार बंद.

शलाकाने वाचलं असावं.
काही बोलली नाही. पट्टी लालवर आणली,
तीही अर्ध्यावर, आणि वाघाचे केस
पुन्हा हलवायला बसली.
तीन वॅटच्या उजेडात
मी वरचा पंखा बंद केला.
उकडलं. पंधरा मिनिटांनी
परत चालू केला.
ती हसल्याचा आवाज आला, पाच पंख्यांमधून.