अंगचोर

महिन्याच्या पहिल्या सोमवारी मुली
अनवाणी रांग लावतात दाराच्या चौकटीशी.
विदिनमधली ही जुनी व्यायामशाळा,
खिडकीतून दुनाव नदी दिसते, अर्धीच;
उरलेली धान्याच्या कोठाराआडून वाहते.
मी डोक्यावर वही आडवी धरते,
पेन्सिलीने रेघ ओढते, शेजारी तारीख, नाव.

महिन्यात अर्धा सेंटिमीटर, तर ठीक.
एक भरला की मी तारखेभोवती गोल करते.
मग उड्या निम्म्या,
उतरायचं फोमच्या खड्ड्यात,
संध्याकाळी टाचेखाली बर्फ,
आणि पोटऱ्यांना ताण द्यायचा
तो मांजर आळस देतं तसा,
कपडा पिळतात तसा नाही.
हाजिएव्ह डॉक्टरांनी मला हे
कॉफीच्या दुकानात कागदी रुमालावर काढून दाखवलं होतं:
हाड पुढे धावतं, स्नायू मागे राहतो,
आणि दोघांना बांधणारी दोरी
जिथं गाठीत अडकलीय तिथंच ओढ बसते.
टाचेत. गुडघ्याच्या वाटीखाली.
तो रुमाल मी जपून ठेवलाय.

झोर्नित्सा बारा वर्षांची.
एप्रिलपासून तिची रेघ हललीच नाही.
पण मनगटं बाहीतून बाहेर आलीत,
तिच्या आईनं पोशाखाच्या खांद्याला
वेगळ्याच निळ्या कापडाचं ठिगळ लावलंय,
आणि खालच्या बारवर झोका घेताना
तिचे पाय गादीला घासतात,
जे मार्चमध्ये घासत नव्हते.

आज रेघ ओढता ओढता मी खाली पाहिलं.
ती अंग चोरून उभी होती.
गुडघे जरासे दुमडलेले, मान खांद्यांत,
बोटभर, फक्त बोटभर.

अंगचोर.
हा शब्द माझ्या ओळखीचा.
कॉम्रेड गेरगानोवा तो आमच्यावर फेकायच्या
चाव्यांच्या जुडग्यासारखा.
दुखतं म्हणालं की अंगचोर.
मग आम्ही दुखणं अंगावर काढायचो,
गुडघ्याखालचं टेंगूळ लांब मोज्यात झाकून.
माझं अजून आहे.
परसात कांदे लावायला गुडघे टेकले
की मी पुन्हा तेरा वर्षांची.

मी वही खाली ठेवली.
"टाच," म्हटलं.
ती माझ्याकडे नाही, नदीकडे बघत राहिली.
मी टाच दोन्ही बाजूंनी हलकेच दाबली,
पिकलं का पाहायला जर्दाळू दाबावा तशी.
तिचा खालचा ओठ आत गेला.
"कधीपासून?"
"शाळा सुटली त्याच्या आधीपासून."
मग एका दमात:
"ऑक्टोबरात सोफियाला जायचंय
आणि बिल्याना नाही वाढत."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.
बिल्याना खरंच नाही वाढत.
आणि ऑक्टोबर आपल्या वेळेला येतो.
हाड थांबेल, मी सांगितलं, दोरी लांबेल,
पण कधी, ते त्या रुमालावर नव्हतं.

बर्फ संपला होता.
फ्रीजमध्ये मटारची पिशवी होती, तीच आणली,
माझ्या स्कार्फनं टाचेला बांधली
आणि म्हटलं, चल, भिंतीशी, हातांवर.
हातांवर उभं राहताना टाचेला काही काम नसतं.

ती उलटी झाली.
ठिगळाचा खांदा, मटारची पिशवी, पायांची बोटं,
वर, आणखी वर,
दाराच्या चौकटीच्याही वर.
तिथं अंग चोरता येत नाही,
कणभर दुमडलीस तर पडतेस.
एप्रिलनंतर पहिल्यांदाच
मी ती मुलगी पूर्ण पाहिली.

पेन्सिल कानामागेच होती. राहू दिली.

"बाई, पाणी कानात जातंय," ती उलटीच म्हणाली.
"जाऊ दे," मी म्हटलं. "अजून दहा मोज.
सावकाश."