एफ. गावकर

हॉस्टेलच्या दारावर खडूनं नावं लिहिली होती.
माझं नुसतं एफ. गावकर.
आग्नेल ट्रंक ओढत आत आला, म्हणाला, एफ म्हणजे?
जून होता, शिगमा केव्हाच होऊन गेलेला,
तरी तोंडातून निघालं: फाल्गुन.

मलाच आवडलं ते.
तीन रात्री उशाशी घेऊन झोपलो,
नव्या बुटांसारखं.

दोन वर्षं कुणी चौकशी केली नाही.
एकदा फक्त वालंकानं केक कापताना विचारलं,
फाल्गुन जुलैत कसा रे जन्मतो?
मी म्हटलं, उशीर झाला.
सगळे हसले. मीही. सुरी माझ्याच हातात होती.

खरं नाव फटी.
गावडोंगरीच्या पलीकडे, जिथं कदंबाची शेवटची बस
तोंड वळवून रात्रभर तिथंच झोपते,
तिथं या नावाला कुणी हसत नाही.
आम्ही पाच जण आहोत.
वयलो फटी, सकयलो फटी, व्हाळाकडलो, एक नुसताच,
आणि शिकपी फटी, तो मी.
आई हाक मारताना शेवटची ई इतकी ओढते
की ती कुळागर ओलांडून येते
आणि मला घेऊनच परत जाते.

पण फट म्हणजे कोंकणीत थाप.
मराठीच्या तासाला फट म्हणजे चीर,
दारातून उजेड येतो ती. किंवा विंचू.
आणि हिंदी सिनेमे पाहणाऱ्या पोरांच्या तोंडी तर...
सोडा.
चौथीत मास्तर हजेरी घेताना माझ्यापाशी
क्षणभर थांबायचे, चष्म्यावरून बघायचे.
एवढंच. पण रोज.

बाबांना विचारलं होतं, हेच का?
पणज्याचं, ते म्हणाले.
आणि त्याचं? त्याच्या पणज्याचं.
आणि अगदी पहिल्याचं कुणी ठेवलं?
बाबा कोयत्याला धार लावत होते.
तेव्हा मी नव्हतो, म्हणाले.

गॅदरिंगचं प्रमाणपत्र घरी नेलं नाही,
त्यावर फाल्गुन होतं.
मार्कशीट हॉस्टेलवर आणली नाही.
दोघांना मी एका खोलीत कधी भेटू दिलं नाही.

मग वयलो फटी माडावरून पडला.
बांबोळीला नेला. रक्त हवं होतं.
मी कुणाला बोललो नव्हतो, फोनवर नुसतं 'काका' ऐकून
आग्नेल, वालंका आणि केप्याचा दुर्गादास
प्रॅक्टिकल बुडवून माझ्याबरोबर बसमध्ये चढले.

रक्तपेढीच्या खिडकीत फॉर्म.
पेशंट: फटी गावकर.
त्याखाली, देणाऱ्याचं नाव.
इतकं हळू मी पाटीवरही लिहिलं नसेल.
खिडकीतल्या बाईनं कागद माझ्याकडे फिरवला.
दुयेंतीचें न्हय, तुजें नांव बरय.
तेंच, मी म्हटलं.
कितें तेंच?
तेंच नांव.
तिनं मान वर केली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं,
दोगूय फटी?

माझ्यामागं तिघं उभे होते.
मला वळता येईना.
दुर्गादासच्या चपलेचा एकदा आवाज आला, बस्स.

आत रबरी चेंडू दाबत पडलो.
पिशवी भरत होती, तिला नावाशी काही देणंघेणं नव्हतं.
शेजारच्या खाटेवर आग्नेल डोळे मिटून, पांढरा पडलेला,
सुईला भितो हे त्यानंही कधी सांगितलं नव्हतं.
नंतर एकेक बिस्किटपुडा, फ्रूटी.
कुणी काही विचारलं नाही.
मी वाट बघत होतो, विचारतील.
कुठ्ठाळी गेली, वेर्णा गेलं,
मी वाटच बघत होतो.

नुव्याला खिडकीची जागा रिकामी झाली.
वालंका म्हणाली,
फाल्गुन, सरक जरा.
इतकं जपून म्हणाली ती,
दुखऱ्या जागेवरचा कापूस दाबून धरावा तसं.

मी सरकलो.