हललेला फोटो

औलू, मार्चअखेर.
थेंबांनी हेल्काच्या बाहुल्या एवढ्या पसरल्यात
की भिंतीवरचं घड्याळ तिला नुसतं पांढरं दिसतं.
"हनुवटी टेकव. हिरव्या ठिपक्याकडे बघ."

डिसेंबरात दोन लाल टिंबं होती.
आज सात. पुन्हा मोजते. सातच.
आणि खालची ती शीर, सरळ जायची,
आता वळसे घेते.

"साखर तर एवढी आवळून धरली मी," ती म्हणते.
तेच. घाईनं उतरवली
की कधीकधी डोळ्यांवर राग काढते.
पण हे डॉक्टरांनी सांगायचं.
मी फक्त बटण दाबते.

तेवढ्यात आतून लाथ, ती दचकते, फोटो हलतो.
तो मी पुसत नाही.

बाहेर बर्फावर ऊन,
काळा चष्मा ती घरी विसरलेली.
माझा देते.
परत आणून दे म्हटलं,
सहा आठवड्यांनी.