ओलावा

वडणग्याच्या गुऱ्हाळात काहिलीची वाफ चढली
आणि नव्या एचडी कॅमेऱ्यानं पडद्यावर लिहिलं:
ओलावा आढळला. तासभर बंद ठेवा.

बॅटरी काढली, घातली.
पुस्तिकेचं त्रेचाळीसावं पान दोनदा वाचलं.
भिंगावर फुंकर मारली, तर ते आणखीच आंधळं.

"बुजलंय रं," आकारामदादा म्हणाले,
"नवा बैल तरी पहिल्या दिशी कुठं घाण्याला लागतोय?
ऱ्हाऊ दे हितं. वारं लागू दे."

मग चिपाडांवर बसलो,
मधे झाकण उघडं टाकलेलं ते.
दादांनी पाक पाण्यात सोडला,
गोळी कधी धरते ते दाखवलं,
माझं बोट धरून.

तासानं तांबडा दिवा लागला.
चित्र इतकं लख्ख
की रिकाम्या काहिलीच्या काठावरची
माशीसुद्धा पाय पुसताना दिसते.